कीर्द आणि खतावणी : एका कथालेखिकेच्या टिपणवह्यांचे प्रकरण

हे प्रकरण एका कथालेखिकेचे आहे. त्यांच्या परवानगीने ते लिहीत असून ओळख पटू नये म्हणून गाव, संस्था आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्याच वह्यांतून घेतले आहेत. मी एक छोटा लेखनगट चालवतो आणि या कामात सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो. त्यामुळे यात ज्या चुका झाल्या त्यांतल्या काही माझ्या खात्यावर जमा आहेत.

पार्श्वभूमी

लेखिका दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लेखापाल आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. एक कथासंग्रह प्रसिद्ध झालेला आहे आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत त्यांची कथा असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचे वेळापत्रक पावसाळ्याशी बांधले गेले आहे असे म्हणायला हरकत नाही: संपादकांचे निरोप उन्हाळ्यात येतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत कथा हातात हवी असते. लेखिकेच्या बाबतीत मार्चअखेर आणि त्यामागून येणारे लेखापरीक्षण मे महिना खाऊन टाकते. म्हणजे सुचते वर्षभर, पण लिहायला मिळतात जेमतेम सहा-आठ आठवडे. अशा माणसाला जुने टिपण हवे तेव्हा सापडणे ही चैन नसते, गरज असते.

टिपणे २००१ पासूनची होती. चौदा डायऱ्या, सुमारे २,१०० पाने. कोणती बियाणे कंपनीने वाटलेली, कोणती औषधाच्या दुकानाने दिलेली, चार-पाच त्यांच्याच संस्थेच्या. त्यांखेरीज विड्रॉवल स्लिपांच्या मागे लिहिलेले मजकूर रबरबँड लावून ठेवलेले, मोबाइलवर स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, आणि सव्वादोनशेच्या आसपास ध्वनिमुद्रणे. शिवाय संगणकावर एक फोल्डर होते, त्यातल्या फायली युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, येण्याआधीच्या फाँटात टंकलेल्या होत्या. आता उघडल्या की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे.

डायऱ्यांत फक्त कथेची टिपणे होती असेही नाही. मी पहिल्यांदा एक उघडली तेव्हा एकाच पानावर वर दुधाचा हिशेब, मध्ये कैरीच्या तक्कूचे प्रमाण, त्याखाली एसटीत ऐकलेले एक वाक्य आणि कडेला उभे लिहिलेले कुणाच्या तरी लग्नाचे आहेराचे आकडे होते. जुन्या काळच्या बाडांची आठवण झाली. त्यांतही अभंगाशेजारी औषधाचा काढा आणि त्याखाली उधारी अशी सगळी वस्ती एकत्र नांदत असे.

समस्या

२०२२ च्या दिवाळीसाठी लेखिकेने बुजवलेल्या विहिरीवर एक कथा लिहिली. रस्ता रुंद करताना गल्लीतली विहीर बुजवली जाते आणि तिच्यावर आयुष्यभर पाणी शेंदलेली म्हातारी ते पाहते, असा प्रसंग तिच्या मध्यावर आहे. हा प्रसंग आपण स्वतः पाहिला आहे आणि त्या वेळी म्हातारीने काहीतरी विलक्षण केले होते, ते आपण टिपूनही ठेवले आहे, एवढे त्यांना पक्के आठवत होते. काय केले ते मात्र आठवेना. जुलैमधल्या चार रात्री डायऱ्या चाळण्यात गेल्या. टिपण मिळाले नाही. अखेर कथेतली म्हातारी ओट्यावर बसून मुकाट रडते, असे लिहून त्यांनी कथा पाठवली.

डिसेंबरमध्ये, भलतेच काही शोधताना, २००६ च्या डायरीत तो मजकूर समोर आला. ट्रॅक्टर मुरूम ओतायला मागे सरत असताना म्हातारीने नातवाला आडव्या लाकडावर चढवून पाणी ओढायची लोखंडी कप्पी काढून घ्यायला लावली होती आणि म्हटले होते, “पानी तुमचं तुमी न्या. आवाज माझा हाय.”

छापून आलेल्या कथेतल्या रडण्यापेक्षा हे किती वरचे आहे, हे सांगायला समीक्षक लागत नाही. लेखिका मला फोनवर म्हणाल्या, “सर, मी तिला उगाच रडवली.”

याच सुमारास दुसरा धक्का बसला. बेळगावच्या एका वाचकाने पत्राने कळवले की, २०१७ आणि २०२१ च्या त्यांच्या दोन कथांत बाप नोटा मोजण्यासाठी फुटक्या वाटीतल्या ओल्या स्पंजला बोट लावतो आणि दोन्ही ठिकाणी वर्णन जवळजवळ शब्दशः एकच आहे. पत्राचा सूर प्रेमाचा होता, पण निरीक्षण खरे होते. टिपण वापरले की त्यावर खूण करायची पद्धतच नव्हती, त्यामुळे एकच नाणे दोनदा खर्चले गेले होते.

म्हणजे अडचणी दोन होत्या. हवे ते सापडत नव्हते आणि वापरलेले कोणते ते कळत नव्हते. सुचण्याची किंवा टिपण्याची अडचण कधीच नव्हती. हे पहिल्याच बैठकीत नीट मांडले गेले असते, तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही बसलो तेव्हा माझ्या डोक्यात उत्तर तयार होते: सगळे संगणकावर घ्यायचे आणि टिपणांच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये ठेवायचे. ऑब्सिडियनसारखे साधन साध्या मजकुराच्या फायली आपल्याच यंत्रावर ठेवते आणि एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा देता येतो, म्हणून मी तेच सुचवले. गूगल कीप त्यांच्या फोनवर आधीपासून होतेच.

टंकायला बसल्यावर चार संध्याकाळी मिळून वीस पाने झाली. याच गतीने २,१०० पानांना चारशेवीस संध्याकाळी लागणार होत्या. म्हणून बोलून लिहिण्याची सोय वापरून पाहिली. वेग वाढला, पण एक वेगळेच नुकसान लक्षात आले. लेखिकेच्या टिपणांचा निम्मा जीव त्यातल्या बोलीत आहे. त्या “हिकडं ये की” वाचत आणि पडद्यावर “इकडे ये की” उमटे. “पानी” म्हटले की “पाणी” होई. यंत्र शुद्धलेखन तपासनिसासारखे प्रत्येकाची जीभ सरळ करत होते. दुरुस्त करत बसण्यापेक्षा हाताने टंकलेले बरे, अशी गत झाली.

तरीही जी दोनशे-सव्वादोनशे टिपणे आत गेली त्यांच्यावर शोध करून पाहिला, आणि इथे मराठीचा स्वभाव आडवा आला. ‘विहीर’ असा शोध घेतला तर ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’, ‘विहिरी’ यांपैकी काहीच येत नाही. लेखननियमांप्रमाणे प्रत्यय लागताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ इकार ऱ्हस्व होतो, आणि यंत्राच्या लेखी ‘ही’ आणि ‘हि’ ही दोन निराळी अक्षरे आहेत. ‘मूल’ शोधले तर ‘मुलाला’ सापडत नाही, ‘घोडा’ शोधला तर ‘घोड्यावर’ सापडत नाही. कथेच्या टिपणांत शब्द मूळ रूपात येतोच किती वेळा? माणसे विहिरीत पडतात, विहिरीवर भांडतात. नुसती ‘विहीर’ क्वचितच असते. नुसते ‘विह’ टाकून शोधावे तर ‘विहार’ आणि ‘विहित नमुन्यात’ हेही हजर. त्यात भर म्हणजे ‘सासऱ्यांनी’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाला ते एक वाटतीलच याची खात्री नसते. एक टिपण फोनवरून आणि दुसरे संगणकावरून लिहिले गेले की हा घोळ सुरू होतो.

शोध लंगडा म्हणून खुणेचे शब्द, म्हणजे टॅग, लावायला घेतले. तीन आठवड्यांत त्यांची संख्या ६३ झाली. ‘आई’, ‘माय’, ‘आईची माया’ आणि ‘आईपण’ हे चार वेगळे टॅग होते, आणि कोणते टिपण कोणाखाली टाकले हे आठवायला पुन्हा स्मरणशक्तीच लागत होती.

दुसरा पर्याय कार्डांचा होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांक देऊन खोक्यांत लावून ठेवल्या होत्या आणि टिपणांवर बोलणारी मंडळी हल्ली त्यांचे नाव मंत्रासारखे घेतात. पण लुमान प्राध्यापक होते आणि त्यांची चिठ्ठी मुळातच दुसऱ्या चिठ्ठीशी वाद घालण्यासाठी लिहिलेली असे. एसटीत गुडघ्यावर लिहिलेल्या चौदा डायऱ्या कापून कार्डांवर चिकटवणे लेखिकेला मान्य नव्हते. पावसाळ्यात त्यांच्या घराच्या भिंतींना ओल येते, हेही व्यवहारी कारण होते.

तिसरा पर्याय काहीच न करण्याचा. जे खरोखर महत्त्वाचे असते ते आपोआप आठवते, बाकीचे विसरण्याच्याच लायकीचे असते, असे अनेक चांगले लेखक मानतात, आणि हे मत मी हलके समजत नाही. पण कप्पीचे उदाहरण त्याच्या नेमके विरुद्ध जात होते. प्रसंग आठवत होता, त्यातले सोने तेवढे गळून गेले होते.

निर्णयाचा क्षण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेखिका वैतागल्या होत्या. “मला हे जमायचं नाही, मी आपली जुन्या वळणाची,” असे त्या म्हणाल्या. त्यांना थोडे हलके वाटावे म्हणून मी विषय बदलला आणि सहज विचारले, की ताई, तुमच्या संस्थेत २००९ सालचे एखादे व्हाउचर मागितले तर किती वेळात मिळेल?

“दोन मिनिटांत. कुठल्या खात्याचं ते सांगा, खतावणी उघडायची, तिथं कीर्दीचं पान लिहिलेलं असतं, पान उघडलं की व्हाउचर नंबर. त्यात काय?”

एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मीही. मग त्यांनीच सावकाश म्हटले, “म्हणजे सर, मी वीस-बावीस वर्षं नुसती कीर्दच लिहिली की.”

ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. कीर्द तारखेने चालते. दिवसभरात जे जे घडले ते त्याच क्रमाने तिच्यात उतरते, दुधाचे बिल आणि लाखाचे कर्ज एकाखाली एक. खतावणी खात्याने चालते. कीर्दीतली प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर एका ओळीत खतवली जाते आणि शेजारी कीर्दीचे पान लिहिले जाते. मजकुराची नक्कल होत नाही, फक्त वाट दाखवली जाते. डायरी ही लेखकाची कीर्द आहे. तिच्यात शिस्त आणण्याची काहीच आवश्यकता नव्हती. तक्कूचे प्रमाण आणि म्हातारीचे वाक्य शेजारी राहिले तरी चालणार होते. खतावणी तेवढी कोणी लिहिली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही संगणकाचा पर्याय बाजूला ठेवला. हा निर्णय तंत्रज्ञानाविरुद्ध होता असे कुणी समजू नये. खतावणी एक्सेलमध्येही लिहिता आली असती. पण लांब वहीत उभ्या रेघा आखून लिहिणे हे काम लेखिकेचा हात सव्वीस वर्षे करत आला होता, आणि नवी सवय लावण्यापेक्षा जुनी सवय दुसऱ्या कामाला लावणे सोपे पडेल, असा आमचा हिशेब होता.

केलेली कार्यवाही

पहिले काम पाने मोजण्याचे. चौदा डायऱ्यांना ङ, ञ, ण वगळून क पासून थ पर्यंत अक्षरे दिली आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक टाकले. ध्वनिमुद्रणांना ‘ध्व’ आणि क्रमांक. मग कापडी बांधणीची एक लांब वही आणली.

दुसरे काम खतावण्याचे. इथे एक महत्त्वाचा निर्णय घेतला: सगळे खतवायचे नाही. डायरी वाचत जायची आणि जिथे नजर अडेल तेवढीच नोंद घ्यायची. एका नोंदीला एक ओळ. मजकूर मोहात पाडणारा असला तरी उतरवून घ्यायचा नाही. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास या गतीने फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, मार्चअखेरच्या धामधुमीचे पाच आठवडे सोडून, चौदाही डायऱ्या वाचून झाल्या. नोंदी झाल्या ६१२ आणि खाती ५८.

खाती कशाची उघडायची यावर मात्र दोनदा माघार घ्यावी लागली. सुरुवातीला लेखिकेने विषयांची खाती काढली: ‘एकटेपणा’, ‘स्थलांतर’, ‘बाईचे कष्ट’. पंधरा दिवसांत कळले की असे कोणतेही टिपण कोणत्याही खात्यात बसते. एसटीतली बाई एकटीही होती, स्थलांतरितही आणि कष्टाळूही. ‘एकटेपणा’ या खात्यावर एकाखाली एक जमलेल्या सोळा ओळी वाचून कोणतीच कथा हलेना. मग ती पाने काट मारून रद्द केली आणि खाती माणसांची, जागांची व वस्तूंची उघडली: ‘स्टँडमागचा सायकलवाला’, ‘तहसीलचा जिना’, ‘ओला स्पंज’. कथा अमूर्ताभोवती गोळा होत नाही, हे आम्ही कार्यशाळांत शंभरदा सांगतो. ते खतावणीच्या पानावर इतके उघडे पडेल असे मला वाटले नव्हते.

एक खाते जसेच्या तसे देतो.

बुजलेली विहीर, पान ४१
२००६ : रुंदीकरण, मुरूम, म्हातारी कप्पी काढून घेते. घ ११२
२०११ : रात्री कप्पीचा आवाज येतो म्हणणारा वॉचमन. ज ३७
२०१६ : विहीर खणणाऱ्याचे बोलणे, “पानी वासावरनं कळतं”. ध्व ३१
२०१९ : पाळण्याची दोरी कप्पीवरून घेतलेली, कर्रकर्र. सून म्हणते सासूबाईंची हाय. ढ ६४

लेखिकेने ढ ६४ खतवताना सर्वांत वरची ओळ पाहिली आणि त्या थांबल्या. २०१९ चे ते घर २००६ च्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर होते. पाळण्यावरची कप्पी तीच असेल का? त्यांनी जाऊन विचारले नाही. “विचारलं असतं आणि नाही म्हणाली असती तर?” हा त्यांचा युक्तिवाद मला पूर्ण पटतो. तेरा वर्षांच्या आणि आठ डायऱ्यांच्या अंतरावर पडलेल्या दोन ओळी एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या, एवढे काम खतावणीने केले होते.

वापरलेल्या नोंदीसाठी उजवीकडे ‘खर्ची’ असा रकाना ठेवला आणि त्यात कथेचे नाव व वर्ष लिहिले. जुन्या छापील कथा वाचून मागच्या नोंदीही खर्ची टाकल्या. ‘ओला स्पंज’ या खात्यावर दोन कथांची नावे शेजारी आली, तेव्हा त्यांनी तिथे लाल शाईने ‘पुन्हा नाही’ असे लिहिले.

फोनवरची टिपणे बंद केली नाहीत. प्रवासात व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवलेला संदेश रविवारी सकाळी चालू डायरीत उतरवायचा किंवा पुसायचा, एवढाच नियम केला.

मध्येच उद्भवलेल्या गोष्टी

हिशेबाच्या जगात ‘किरकोळ’ नावाचे खाते फुगले की लेखापरीक्षक आधी तेच मागतो. लेखिकेच्या खतावणीतही मेअखेर ६१२ पैकी १८७ नोंदी ‘किरकोळ’वर होत्या. व्यवसायाच्या सवयीने त्या अस्वस्थ झाल्या आणि प्रत्येक नोंदीला घर मिळवून देण्याच्या मागे लागल्या. मग अशा खात्यांची पाने उघडली गेली ज्यांवर एकच ओळ होती. इथे मी हस्तक्षेप केला. पतसंस्थेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळली नाही तर कुठेतरी नोंद चुकलेली असते. टिपणांची तेरीज जुळावी असे काही नसते. ‘किरकोळ’ तसेच राहू दिले. पुढे त्यांतल्या नऊ नोंदी आपोआप खात्यांवर गेल्या.

जूनमध्ये फोन बदलला आणि रेकॉर्डरच्या अ‍ॅपमधली ३७ मुद्रणे नव्या फोनवर आली नाहीत. छायाचित्रे आणि संदेश आले म्हणजे सगळे आले असे गृहीत धरून जुना फोन पुसून एक्सचेंजमध्ये दिलेला होता. गेलेल्यांत ध्व ३१ होते. खतावणीत ती ओळ आहे, तिच्यापुढे ‘मूळ गहाळ’ असे लिहिले आहे. विहीर खणणारा तो माणूस आता हयात नाही. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला मुद्रणे पेन ड्राइव्हवर आणि भाच्याच्या संगणकावर घेतली जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक होती आणि तिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. पतसंस्थेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला गावाची बरीच झाकलेली बाजू दिसते: कोणाचे कर्ज थकले, कोणी बायकोच्या नकळत मंगळसूत्र तारण ठेवले, कोणाचा जामीनदार ऐन वेळी फिरला. यातले काही डायऱ्यांत होते, पण दूध, तक्कू आणि आहेराच्या गर्दीत ते कुणाच्या हाती लागले नसते. खतावणीने तीच माहिती माणसागणिक एकत्र आणली. एके दुपारी लेखिकेने वही कार्यालयात नेली होती. एका सहकारी मुलीने संस्थेचेच रजिस्टर समजून ती उघडली आणि एक खाते वाचून म्हणाली, “मॅडम, हे आमच्या शेजारच्या काकांचं आहे का?”

लेखिकेने त्या रात्री मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. विस्कळीतपणा हेच आतापर्यंत त्या टिपणांचे कुलूप होते आणि आम्ही ते काढून टाकले होते. पर्याय तीन होते: वही घराबाहेर न्यायची नाही, नावे बदलायची, किंवा संस्थेच्या कामातून कळलेले काहीच खतवायचे नाही. पहिले दोन लगेच अमलात आले. माणसांच्या खात्यांना पिकांची नावे दिली: ‘हुलगा’, ‘शाळू’, ‘करडई’. तिसऱ्यावर आमचे मतभेद झाले. ग्राहकाने संस्थेला सांगितलेली गोष्ट कथेच्या टिपणात येणेच गैर आहे, असे माझे मत होते. लेखिकेचे म्हणणे होते की त्या आकडे कधीच टिपत नाहीत, माणसाचा हात किंवा चेहरा टिपतात, आणि तेवढाही हक्क नसेल तर लिहायचे कशावर. शेवटी त्यांनी काउंटरवरच्या २३ नोंदी स्वतःच खोडल्या, काही ठेवल्या. कोणत्या ठेवल्या ते मी विचारले नाही.

निष्पत्ती

आकड्यांत पाहायचे तर निष्पत्ती उलटी दिसेल. २०२३ च्या दिवाळीत त्यांच्या दोन कथा आल्या, २०२४ मध्ये एकच. आधीची सरासरी याहून जास्त होती. २०२३ च्या जूनमध्ये लिहायला बसण्याऐवजी त्या खतावणी नीटनेटकी करत बसत. मला ते उशिरा कळले. खतावण्यातही एक सुख असते आणि ते लिहिण्याइतके दमवत नाही. त्यामुळे २०२४ मध्ये एक जूनपासून वही कपाटात ठेवायची आणि शोधायचे असेल तेव्हाच काढायची, असे ठरले. त्यांनी ते कुरकुरत मान्य केले.

पण २०२४ ची ती एक कथा पाळण्यावरच्या कप्पीची आहे आणि ती त्यांच्या नेहमीच्या कथेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची आहे. म्हातारी तिच्यात रडत नाही. कथेसाठी लागलेले टिपण शोधायला सरासरी किती वेळ लागला याची नोंद लेखिकेने हौसेने ठेवली होती. खतावणीत असलेले प्रत्येक टिपण पाच मिनिटांच्या आत मिळाले. जे खतवलेच नव्हते ते दोनदा हवे होते, आणि दोन्ही वेळा मिळाले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. माणूस रोज काय करतो हे विचारण्याआधी मी साधन सुचवले. त्या तीन आठवड्यांत वेळ गेला तो गेलाच, शिवाय ‘मला जमत नाही’ हा समज लेखिकेच्या मनात पक्का झाला, आणि तो काढायला वेगळी मेहनत पडली. दुसऱ्या एखाद्या लेखकाचा हात फोनवर सफाईने चालत असेल, तर त्याला लांब वही देणे ही तितकीच चूक ठरेल.

गोपनीयतेचा प्रश्न पहिल्या दिवशी यायला हवा होता. वकील, परिचारिका, शिक्षक, बँकेतले कर्मचारी असे अनेकजण आपल्याकडे लिहितात आणि त्या सगळ्यांच्या टिपणांत दुसऱ्याचे काहीतरी ठेवीसारखे पडलेले असते. खतावणी लिहायला घेण्याआधी काय खोडायचे ते ठरवले असते, तर ती दुपार टळली असती.

मुद्रणांच्या प्रती आधी घ्यायला हव्या होत्या, यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही. आणि युनिकोडपूर्व फाँटातल्या फायली रूपांतर करून घेण्याचे काम आम्ही ‘नंतर’वर टाकले, ते अजून नंतरवरच आहे. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. कंटाळा एवढेच कारण.

पाच आठवड्यांच्या मार्चअखेरच्या खंडाबद्दल मात्र मी निर्णय बदलणार नाही. त्या काळातल्या चालू डायरीची पाने तशीच तुंबली होती आणि आधी ती संपवू मग पुढे जाऊ, असे लेखिका म्हणत होत्या. आम्ही तसे केले नाही. डायरीत आडवी रेघ मारून ‘येथपर्यंत खतावले नाही’ असे लिहिले आणि त्या दिवसापासून पुढे सुरुवात केली. ते तुंबलेले काम डोक्यावर घेतले असते, तर वही एप्रिलमध्येच बंद पडली असती.

सद्यस्थिती

चालू डायरीचे अक्षर ध आहे. ‘किरकोळ’वर अजूनही दोनशेच्या आसपास नोंदी आहेत. कप्पीची कथा छापून आल्यावर लेखिकेने पान ४१ वर लाल रेघ ओढून ‘खाते बंद’ असे लिहिले आणि सही केली. दोन महिन्यांनी त्याच विषयावर काहीतरी ऐकायला मिळाले. बंद खात्याच्या रेघेखाली लिहायचे नसते, म्हणून त्यांनी पान ९७ वर नवे खाते उघडले आहे. त्यावर सध्या एक ओळ आहे आणि ती काय आहे ते त्यांनी मला दाखवलेले नाही.